भाता आधी कुणाचा रिता होतो?



आपल्याकडे सीमा म्हटलं की महाराष्ट्र-कर्नाटक वादाचा महाजन आयोग आठवतो आणि सभेतले निदान चार जण खुर्चीत पुढे सरकून बसतात. त्यांना आधीच सांगतो, आज त्या सीमेवर बोलणार नाही. ज्या जवानांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते दुसऱ्या सीमेवर उभे होते, आणि माझीही नोकरी तिकडेच गेली. मी तोफखान्यातला. त्यातही विमानविरोधी तोफांवरचा. १९९४ साली हवाई संरक्षणाचा वेगळा कोअर झाला तेव्हा आमचं नाव बदललं, तोफ तीच राहिली. आजचा विषय त्या तोफेपर्यंत येणार आहे, पण सुरुवात आपण सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलेल्या एका निवेदनापासून करतो.

९ मे २०२५. ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी उभ्या होत्या. त्या गोकाक तालुक्यातल्या कोन्नूरच्या सूनबाई, त्यामुळे आपल्या बेळगाव जिल्ह्यात त्यांचं बोलणं जरा जास्तच कान देऊन ऐकलं गेलं. त्यांनी सांगितलं की ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी पाकिस्तानकडून सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले गेले. पडलेल्या अवशेषांवरून ते तुर्की बनावटीचे सोंगार ड्रोन असावेत असा प्राथमिक अंदाज होता. आणि हेतू काय, तर आपली हवाई संरक्षण यंत्रणा चाचपून पाहणं आणि माहिती गोळा करणं. पुढे जुलैमध्ये सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी सांगितलं की १० मे रोजी आलेल्यांत शस्त्र नसलेले ड्रोनही होते.

शस्त्र नसलेला ड्रोन! ऐकायला विनोदी वाटतं. पण तोफेवर बसलेल्या माणसाला त्यात विनोद दिसत नाही. रिकामा ड्रोन तुम्हाला रडार चालू करायला लावतो, म्हणजे रडार कुठं आहे ते कळतं. तो तुम्हाला मारा करायला लावतो, म्हणजे दारूगोळा खर्ची पडतो. तो रात्रभर येत राहतो, म्हणजे माणसं जागी राहतात. आणि त्याच्या मागून जो भरलेला येतो, तो अंधारात दिसायला अगदी त्याच्यासारखाच असतो.

त्या दिवसांत निपाणीच्या बसस्थानकासमोरच्या टपरीवर एक वाक्य मी वारंवार ऐकलं: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लोकांचं म्हणणं असं की पाच-दहा लाखांचं खेळणं पाडायला आपण कोट्यवधींची क्षेपणास्त्रं उडवतोय. म्हण चपखल आहे यात शंका नाही. उलट खरे आकडे पाहिले तर म्हण सौम्यच वाटते. म्हणीतला मसाला कोंबडीच्या तिप्पट. २०१७ साली जनरल डेव्हिड पर्किन्स या अमेरिकी सेनाधिकाऱ्यानं एका परिषदेत सांगितलं होतं की आमच्या एका मित्रराष्ट्रानं ऑनलाइन मिळणारा दोनशे डॉलरचा ड्रोन पॅट्रियट क्षेपणास्त्रानं पाडला, आणि त्या क्षेपणास्त्राची किंमत तीस लाख डॉलरच्या घरात होती. ड्रोन पडला, प्रश्नच नाही. पण पंधरा हजारपट मसाला लागला.

ही टोकाची गोष्ट झाली. रोजच्या युद्धातलं उदाहरण घ्यायचं तर इराणी रचनेचा शाहेद-१३६ घ्या, जो रशिया आता आपल्याच कारखान्यात तयार करतो. त्याची किंमत साधारण २० ते ५० हजार डॉलर सांगतात. डॉलर ८५ रुपयांना धरला तर १७ ते ४२ लाख. एखादी बरी चारचाकी. पॅट्रियटचं नवं क्षेपणास्त्र सुमारे चाळीस लाख डॉलरचं, म्हणजे ३४ कोटी. एका क्षेपणास्त्राच्या पैशात ऐंशी ते दोनशे शाहेद. शिवाय नेम हमखास लागावा म्हणून बहुतेकदा एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रं सोडतात.

हे सगळं खरं असूनही ती म्हण इथं पुरी पडत नाही, असं माझं मत आहे. कोंबडी-मसाल्याच्या हिशेबात तिसरी वस्तूच नाही. इथं तिसरी वस्तू असते: ड्रोन ज्याच्यावर पडायला निघाला होता ती. कोयनेचं उदाहरण घेऊ. १९६० मेगावॉट वीज. जनित्रं डोंगराच्या पोटात, पण वीज बाहेर नेणारी उपकरणं आणि तारा उघड्यावरच. अशा ठिकाणचं एखादं मोठं रोहित्र जळालं तर नवं मिळायला महिने जातात. त्याच्याकडे चाळीस लाखांचा ड्रोन येत असेल आणि हाताशी फक्त महागडं क्षेपणास्त्र असेल, तर ते सोडायचं. हिशेब नंतर. तिथं कोणी किमतीचा कागद काढत बसला तर त्याला कोर्ट मार्शल करावं.

मग अडचण कुठं आहे? अडचण दुसऱ्या दिवशी आहे. ६-७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रशियानं युक्रेनवर ८१० ड्रोन सोडले, त्यांत प्लायवूड आणि फोमचे फसवे ड्रोनही होते. आणि पॅट्रियटचं ते नवं क्षेपणास्त्र? २०२४ च्या अख्ख्या वर्षात साऱ्या जगासाठी सुमारे ५०० तयार झाली. एका बाजूला एका रात्रीचा आकडा आहे, दुसऱ्या बाजूला वर्षाचा. युक्रेन शाहेदवर सहसा पॅट्रियट वापरत नाही, ते बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांसाठी राखून ठेवतो, हे खरं. पण तो ते राखून ठेवतो ते याच कारणानं. पैसा कर्जानं उभा करता येतो. क्षेपणास्त्राचं डोकं, त्याचा शोधक, त्याची मोटर ही कर्जानं उभी राहत नाहीत. म्हणून मी या विषयाला किमतीचा विषय म्हणत नाही. भाता आधी कुणाचा रिता होतो आणि कुणाचा लवकर भरतो, एवढाच प्रश्न मला दिसतो.

गोळी न झाडताही भाता कसा ओढला जातो याचं एक उदाहरण आपल्या किनाऱ्याजवळचं आहे. २३ डिसेंबर २०२३. सौदी अरबस्तानातून कच्चं तेल घेऊन केम प्लूटो नावाचं जहाज नव-मंगळूर बंदराकडे निघालं होतं. आपल्याच राज्याचं बंदर. पोरबंदरपासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन आदळला. आग लागली, विझली, जीवितहानी झाली नाही. जहाज तटरक्षक दलाच्या सोबतीनं मुंबईला आणलं. अमेरिकेनं इराणकडे बोट दाखवलं, इराणनं ते नाकारलं. त्यानंतर आपल्या नौदलानं अरबी समुद्रात मुरगाव, कोची आणि कोलकाता या तीन विनाशिका गस्तीवर धाडल्या. आयएनएस मुरगाव तेव्हा सेवेत येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, माझगाव गोदीतलं ताजं जहाज. नौदलानं केलं ते योग्यच होतं, व्यापारी जहाजांवरचे खलाशी आपलेच आहेत. पण पलीकडच्या बाजूनं पाहा: एक ड्रोन, आणि तीन विनाशिका, त्यांचं इंधन, त्यांवरची शेकडो माणसं हलली.

हा प्रश्न नवा आहे असं समजू नका. १३ जून १९४४ पासून हिटलरनं लंडनवर व्ही-१ सोडायला सुरुवात केली. पंख असलेला, स्वस्तातला, वैमानिक नसलेला बॉम्ब. आजच्या भाषेत ड्रोनच. तो पाडायला इंग्रजांनी तेव्हाची सर्वांत वेगवान लढाऊ विमानं उडवली, फुगे सोडले, तोफा लावल्या. जुलैच्या मध्याला सगळ्या तोफा लंडनभोवतून काढून किनाऱ्यावर नेल्या, त्यांना नवं रडार आणि नेम काढणारं यंत्र जोडलं, आणि लक्ष्याच्या जवळ गेला की आपोआप फुटणारा गोळा दिला. पहिल्या आठवड्यात तोफांच्या टप्प्यात आलेल्यांपैकी १७ टक्के पडले. ऑगस्टच्या अखेरीला ७४ टक्के. तोफ जवळजवळ तीच होती. गोळ्याला अक्कल आली आणि तोफेला डोळे आले.

आता माझ्या तोफेकडे येतो. एल-७०. मूळ स्वीडनच्या बोफोर्सची, ४० मिलिमीटरची, १९६० च्या दशकात आपल्याकडे आलेली. बोफोर्स म्हटलं की लोकांना हॉवित्झर आणि ते प्रकरण आठवतं. ही त्या हॉवित्झरची थोरली बहीण, हिच्यावर कुणी संसदेत भाषण केलं नाही. मिनिटाला २४० च्या वर गोळे. चार गोळ्यांची एक क्लिप, ती हातानं भरायची. सेकंदाला चार गोळे म्हणजे सेकंदाला एक क्लिप. लोडरचे खांदे संध्याकाळी विचारू नका. आम्ही नोकरीत असताना तरुण अधिकारी हिच्याकडे पाहून हसायचे, हिला संग्रहालयात ठेवा म्हणायचे. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर ड्रोन पाडण्याचं मोठं काम याच एल-७० नं, दुनळी २३ मिलिमीटरच्या झू तोफेनं आणि शिल्का या तोफगाडीनं केलं. लष्कराच्या हवाई संरक्षण विभागाचे महासंचालक लेफ्टनंट जनरल सुमेर आयव्हन डिकुन्हा यांनी चार दिवसांत पाकिस्ताननं ८०० ते १००० ड्रोन वापरल्याचा अंदाज सांगितला. इतक्यांवर क्षेपणास्त्रं सोडायची म्हटली असती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

अर्थात ही एल-७० आमच्या वेळची राहिलेली नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं तिला दिवसाचा कॅमेरा, रात्रीचा उष्णतेवर पाहणारा कॅमेरा, लेझरनं अंतर मोजणारं यंत्र आणि विजेवर फिरणारी यंत्रणा दिली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या वर आकाशतीर आलं. मार्च २०२३ मध्ये १,९८२ कोटींचा करार झाला तेव्हा ही बातमी कुणी फारशी वाचली नसेल, कारण त्यात ना बंदूक होती ना क्षेपणास्त्र. हे जाळं सगळ्या रडारांचं चित्र एका पडद्यावर आणतं आणि कुणी मारा करायचा ते ठरवतं. माझ्या दृष्टीनं त्याचं मोठं काम उलटं आहे: कुणी मारा करायचा नाही, ते ठरवणं. समोरून येणारं काय आहे ते कळलं तर २०१८ साली ५.४३ अब्ज डॉलरला घेतलेल्या एस-४०० क्षेपणास्त्र यंत्रणेचा बाण विमानासाठी भात्यातच ठेवता येतो आणि ड्रोन तोफेकडे सोपवता येतो. खरी बचत तिथं होते.

आता तोफेची बाजूही सांगायला हवी, नाहीतर म्हाताऱ्याला आपल्या तोफेचं कौतुक, असं म्हणाल. एल-७० चा प्रभावी पल्ला साडेतीन-चार किलोमीटर. शाहेद ताशी १८० किलोमीटरनं येतो, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. चार किलोमीटर कापायला त्याला ८० सेकंद लागतात. तेवढ्यात पाहायचं, ओळखायचं, हुकूम घ्यायचा, मारा करायचा. आणि चार किलोमीटरच्या वर्तुळात तुम्ही एक विमानतळ राखू शकता, जिल्हा राखू शकत नाही. क्षेपणास्त्राची एक तुकडी जेवढं आभाळ सांभाळते तेवढ्यासाठी तोफा शेकड्यानं लागतील, आणि प्रत्येक तोफेमागं माणसं, त्यांचं प्रशिक्षण, पगार, पेन्शन. इथं पेन्शन घेणारे बरेच बसलेत, त्यांना पेन्शन फुकट येत नाही हे माहीत आहे. गोळा स्वस्त असतो, तोफखाना स्वस्त नसतो.

लेझरबद्दल मला नेहमी विचारतात. १३ एप्रिल २०२५ ला कर्नूलला डीआरडीओनं ३० किलोवॉटच्या लेझरची चाचणी घेतली, ड्रोन जळाला, सगळ्यांनी पाहिलं. एका माऱ्याचा खर्च म्हणाल तर विजेचा. चांगली गोष्ट आहे. पण लेझरला स्वच्छ हवा लागते. राजस्थानातली धूळ आणि आपल्या चोर्ला घाटातला आषाढ यांत त्याचं काय होईल, हे ज्यानं बेळगावचा पाऊस पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको.

युक्रेनी लोकांनी मला जास्त प्रभावित केलं ते दुसऱ्या एका गोष्टीनं. शाहेदच्या इंजिनाचा आवाज मोपेडसारखा, लोक त्याला मोपेडच म्हणतात. त्यांनी मोबाइलमधल्यासारखे साधे मायक्रोफोन खांबांवर बसवले, प्रत्येकी चार-पाचशे डॉलरच्या खर्चात, सुमारे दहा हजार. आवाज कुठून कुठं सरकतोय ते नकाशावर दिसतं, आणि पिकअप गाडीवर मशिनगन बसवलेली तुकडी वाटेत जाऊन उभी राहते. अलीकडे तर शाहेदचा पाठलाग करून त्याच्यावर आदळणारे छोटे ड्रोन त्यांनी काही हजार डॉलरमध्ये बनवले. मसाल्याची किंमत कोंबडीच्या खाली आली, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडेही हे चाललंय. नागपूरच्या सोलर समूहानं १३ मे २०२५ ला गोपाळपूरच्या गोळीबार क्षेत्रात भार्गवास्त्र या ड्रोनविरोधी प्रणालीच्या छोट्या अग्निबाणांची चाचणी घेतली. पहिल्या थरातले बाण दिशा न दिलेले, झुंडीनं सुटणारे, अडीच किलोमीटरपर्यंतचे. त्याच समूहाचं नागास्त्र-१ हे लक्ष्यावर घिरट्या घालून आदळणारं अस्त्र. त्याची पहिली १२० नगांची खेप जून २०२४ मध्ये पुलगावच्या दारूगोळा डेपोत पोचली. त्यातली एक सोय मला फार आवडते: लक्ष्य सापडलं नाही तर ते पॅराशूटनं परत उतरतं. वस्तू वाया घालवायची नाही, हा विदर्भी कारागिराचा हिशेब त्यात दिसतो. जुलै २०२५ मध्ये लष्करप्रमुखांनी पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये ड्रोन पलटण असल्याचं जाहीर केलं, तेव्हा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रातून बाहेर पडणाऱ्या निपाणीच्या पोराला रायफलीइतकीच ही वस्तू हाताळावी लागणार आहे.

पण आता मला जे बोलायचं आहे ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीबद्दल. शाहेदचं इंजिन काय आहे माहीत आहे? चार सिलिंडर, टू-स्ट्रोक, पन्नास अश्वशक्ती, लिंबाख या जर्मन कंपनीच्या जुन्या इंजिनाची नक्कल. त्यात अगम्य असं काही नाही. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांत आणि मशीन शॉपमध्ये याहून अवघड कास्टिंग रोज निघतं. हत्तरगीला एकस कंपनीच्या आवारात एअरबस आणि बोइंगचे भाग तयार होतात, हजारांश मिलिमीटरच्या भाषेत बोलणारी आपलीच पोरं तिथं आहेत. ड्रोन स्वस्त असतो तो काही त्याच्या अंगचा गुण नव्हे. तो बनवणारी माणसं, साचे, पुरवठादार जवळजवळ असले की तो स्वस्त होतो, आणि पाडणारी वस्तूही तशीच स्वस्त होते. तीस कोटींच्या क्षेपणास्त्राला बेळगाव फारसं उपयोगी पडणार नाही. तीन लाखांच्या पाठलागी ड्रोनला पडेल.

मात्र एक आडकाठी आहे. ड्रोनची छोटी मोटर, तिच्यातलं चुंबक, बॅटरीचे सेल, उड्डाण सांभाळणारा सर्किट बोर्ड, यांतलं बरंच चीनमधून येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भाग सापडले म्हणून ४०० मालवाहू ड्रोनचे २३० कोटींचे करार रद्द झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आपल्या उसावर औषध फवारणारे ड्रोन उघडून पाहिले तरी आत काय काय कुठलं आहे ते दिसेल. माल आपला, घाम आपला आणि दर दुसऱ्यानं ठरवायचा, याचा अर्थ निपाणीला १९८१ नंतर कुणी समजावून सांगू नये. तंबाखूच्या आंदोलनात महामार्गावर बसलेले काही जण आज या सभागृहात आहेत. युद्धाच्या दिवशी दर वाढवण्याचीही गरज नसते, खेप थांबवली की पुरतं.

आणि हे सगळं पंजाबचं, राजस्थानचं दुखणं आहे, आपण लांब आहोत, असं कुणाला वाटत असेल तर नकाशा काढा. कराची ते बेळगाव हवाई अंतर साधारण तेराशे किलोमीटर, बरंचसं समुद्रावरून. शाहेदच्या जातीच्या ड्रोनचा पल्ला दोन हजारांपर्यंत सांगतात. तशी वस्तू आज पलीकडे आहे की नाही हा वेगळा प्रश्न, पण पन्नास अश्वशक्तीचं इंजिन ही काही कायम कुलूपबंद राहणारी विद्या नाही. ७ मेच्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत कर्नाटकातली तीन नावं होती: बेंगळुरू, कारवार, रायचूर. सांबऱ्याचं हवाई दल केंद्र, मराठा केंद्र, हिडकल धरण असलेला आपला जिल्हा त्यात नव्हता.

आणि जिथं संरक्षण होतं तिथलंही सांगतो. ९ मेच्या रात्री पंजाबातल्या फिरोजपूर जिल्ह्यातल्या खाई फेमे की गावात एका घरावर ड्रोन पडला. घरातली तिघं भाजली, त्यांतली बाई पुढे काही दिवसांत गेली. त्या रात्री बरेच ड्रोन पडले, हा एक पोचला. संरक्षणाचा कुठलाही थर शंभर टक्के नसतो, आणि माझ्या सगळ्या आकडेमोडीत तो रकाना कोरा आहे, याची मला जाणीव आहे.

प्रश्नोत्तरांना अर्धा तास ठेवलाय असं संयोजक सांगतात. पहिला प्रश्न मीच विचारतो, उद्यमबागेतून आलेल्या मंडळींना. पन्नास अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन, महिन्याला पाचशे नग, प्रत्येक नग फक्त दहा तास चालला तरी चालेल, एकदा गेला की परत येणार नाही. चुंबक आणि सेल सोडून बाकी सगळं जिल्ह्यातलं. काय दर लावाल?